आधी बी ओळखावी

१९५० साली केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून पावसाळा आणि वृक्षारोपण यांचं नातं जुळलं. पण झाडाचं भवितव्य खड्ड्याच्या आधी, बियाण्यापाशीच ठरू लागतं.

प्रत्येक बीची तऱ्हा वेगळी. फणस-जांभळाची बी वाळली की मेली. ती ताजीच पेरायची. कडुनिंबाची उगवणशक्ती काही आठवड्यांत ओसरते. सागाचं कवच मात्र एवढं टणक, की फळं आलटूनपालटून भिजवावी आणि उन्हात वाळवावी लागतात.

बी निरोगी, जोमदार आणि अनेक झाडांची घ्यावी. पेरल्यावर उगवलेलं रोपही पिशवीत फार काळ राहिलं, तर त्याची मुळं गुंडाळली जातात.

वाचकांनी यंदा आपल्या परिसरातल्या एका तरी झाडाची बी वेळेवर गोळा करून पेरावी.