रिकामी झाले की ऐकेन

दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर नव्या वर्षाचे संकल्प लिहिते. रोज चालायला जाणे, चहातली साखर कमी करणे, माळा आवरणे. गेली पाच-सहा वर्षं यादी तीच आहे, फक्त माळ्यावरचं सामान वाढलंय. यंदा मात्र सगळ्यात वर एक नवीन ओळ लिहिली : गाणं ऐकणे.

मुलीने ती वाचली आणि हसतच सुटली. ‘‘अगं आई, तुझं गाणं तर सकाळी सहापासून सुरूच असतं की!’’

तिचं काही खोटं नव्हतं. ओट्यावर डब्यांच्या मागे मोबाइल टेकवून ठेवलेला असतो. पोळ्या लाटताना अभंग, ओटा पुसताना भावगीत, संध्याकाळी भाजी निवडताना नाट्यगीत. पण तिने पुढे विचारलं, ‘‘बरं सांग, आत्ता काय लागलं होतं?’’ आणि मला सांगता येईना! मिक्सर सुरू होता, मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. तीन झाल्या एवढं नक्की सांगितलं असतं. गाणं कुठलं, ते नाही.

तेव्हा लक्षात आलं, गाणं माझ्या कानावर पडतं, मी ते ऐकत नाही. शेवटचं बसून, हातात काही काम नसताना, एक राग सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधी ऐकला होता? आठवून आठवून आठवलं ते बी.ए.च्या शेवटच्या वर्षातलं होस्टेल. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली.

हा संकल्प सुचायला कारण झाल्या माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर पुण्याचं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची आणि दर आठवड्याला एक नवं गीत, असं वर्षभर चाललं. छप्पन्न गीतं झाली. वाड्यात एकच रेडिओ होता. गाण्याच्या वेळी सगळ्या बायका हातातलं काम टाकून त्याच्यासमोर येऊन बसायच्या, असं त्या सांगतात. ‘‘माझी आजी तर हात धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन बसायची. मध्ये कुणी बोललं तर डोळे वटारायची.’’

पुढे सासूबाई दोन वर्षं पेटी आणि गाणं शिकल्या. मग लग्न, सांगली, एकत्र कुटुंब. गाणं सुटलं. कुणी बंदी घातली नाही हो! नुसता वेळ मिळाला नाही. एखाद्या मैफलीला चला म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं : ‘‘जरा रिकामी झाले की ऐकेन.’’ दिरांची लग्नं झाली की, मुलांची शिक्षणं झाली की, सासऱ्यांचं दुखणं सरलं की.

आता त्या एकोणऐंशी वर्षांच्या आहेत आणि खरोखर रिकाम्या आहेत. पण कान गेलेत. गेल्या दिवाळीत कानाचं यंत्र घेतलं. आम्हाला वाटलं, प्रश्न सुटला. मुलीने हौसेने त्यांच्या आवडीचं गाणं लावून दिलं. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘बंद कर गं, पत्रा वाजवल्यासारखं वाटतंय.’’ आणि यंत्र काढून डबीत ठेवून दिलं.

मैत्रिणींनो, त्या डबीचं झाकण लागल्याचा आवाज माझ्या डोक्यातून जात नाही. कारण ‘जरा रिकामी झाले की’ हे वाक्य हल्ली मीही दिवसातून चारदा म्हणते.

कुणी म्हणेल, काम करता करता गाणं ही तर आपल्या बायकांची परंपराच. जात्यावरच्या ओव्या काय होत्या? अगदी खरं. पण तिथे गाणारी ती स्वतः होती. जात्याचा फेरा हाच तिचा ताल होता आणि सासर-माहेरचं, लेकराचं, विठ्ठलाचं जे मनात असेल ते ती बोलून टाकत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव हिंडून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या आणि ‘पारी’ या संस्थेने २०१७ पासून त्या इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. त्या ओव्यांमध्ये आणि माझ्या मिक्सरखाली दबलेल्या अभंगामध्ये काही नातं आहे, असं मला तरी वाटत नाही.

आणखी एक गंमत सांगू? आपल्या रागांचं घड्याळ बघा. पहाटेचा ललत, सकाळचे भैरव आणि तोडी. म्हणजे नेमकी डबे आणि पाणी भरायची वेळ. मावळतीचा मारवा, मग पूरिया, दिवे लागल्यावर यमन. तेव्हा आपण कुकर लावत असतो आणि कुणाला तरी अभ्यासाला बसवत असतो. रात्रीचा मालकंस सुरू होतो तेव्हा आपल्याला सकाळच्या भाजीची काळजी लागलेली असते. उरलं काय, तर दुपारचे सारंग आणि भीमपलास. तेवढ्यात गॅसवाला येतो!

याचा अर्थ राग बायकांविरुद्ध आहेत असं मुळीच नाही. उलट महाराष्ट्र-गोव्याचं गाणं ज्यांनी मोठं केलं, त्यात केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर, किशोरीताई, मालिनीताई राजूरकर, प्रभाताई अत्रे अशी बायकांची केवढी रांग आहे. गाणाऱ्या बाईने लोकांची बोलणी सोसून मंचावर जागा मिळवली. ऐकणाऱ्या बाईला मात्र घरात एक खुर्ची आणि अर्धा तास मिळवायचा अजून बाकी आहे. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीची ओळख म्हणून जी तबकडी ठेवली, त्यात केसरबाईंची भैरवी आहे. ती आंतरतारकीय अवकाशात जाऊन पोहोचली. माझ्या घरात तिला ओट्यावरून बैठकीच्या खोलीपर्यंत यायला जमलेलं नाही.

म्हणून यंदाचा बेत चार कलमांत लिहून काढलाय.

पहिलं कलम ‘गीतरामायणा’वरून उचललंय. आठवड्यातून एकदा, दर गुरुवारी दुपारी चार ते साडेचार, बसून एकच गाणं ऐकायचं. वर्षाची बावन्न होतील. वर सांगितलेल्या गायिकांपासून सुरुवात. काय ऐकलं ते वहीत एका ओळीत लिहायचं. समजलं नाही तर ‘समजलं नाही’ असं लिहायचं, त्यात लाज कसली?

दुसरं कलम, महिन्यातून एका रविवारी सकाळचा राग सकाळीच ऐकायचा. तेवढा वेळ स्वयंपाकघर ह्यांच्याकडे. हे म्हणाले, ‘‘मला फक्त पोहे येतात.’’ म्हटलं, वर्षात बाराच रविवार आहेत, बारा वेळा पोहे खाऊ. पोहे भिजवताना हाका मारायच्या नाहीत एवढीच अट.

तिसरं कलम मिरजेचं. सांगलीपासून मिरज दहा-अकरा किलोमीटर. सतार-तंबोऱ्यांचं गाव. २०२४ साली तिथल्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. उस्ताद अब्दुल करीम खाँ तिथे राहिले, हिराबाईंचा जन्म तिथला. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या नावाने संगीत सभा होते आणि मोठमोठे कलावंत तिथे हजेरी लावतात. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी एकदाही गेलेले नाही. ‘रात्रीचं कसं जायचं’ या एका वाक्यावर बावीस उरूस निघून गेले. या वर्षी तारीख कळली की कॅलेंडरवर गोल करायचा आणि आम्ही सहाजणी मिळून गाडी ठरवायची. रात्री उशिरा परतणाऱ्या बायका एकीपेक्षा सहा बऱ्या.

चौथं कलम आमच्या बचत गटाचं. गटात धुणीभांडी करणाऱ्या, शेतात मजुरीला जाणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यासमोर हा विषय काढताना मला जरा संकोच वाटला. ज्यांच्या पायांना दिवसभर उसंत नाही त्यांना मी अर्धा तास गाणं ऐका म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? पण हप्ते गोळा झाल्यावर विचारलंच. एक मावशी म्हणाल्या, ‘‘ताई, गानं न्हाई कळलं तरी चालंल, बसायला तर मिळंल!’’ सगळ्याजणी हसल्या. मी मात्र गप्प झाले. माझा सगळा लेख त्यांनी एका वाक्यात सांगून टाकला होता. आता महिन्याच्या बैठकीनंतर समाजमंदिरात अर्धा तास ओव्या ऐकायच्या ठरल्यात. मावशींना जुन्या ओव्या येतात, तेव्हा ऐकताना त्या स्वतःच गायला लागतील असा माझा अंदाज आहे.

राहिल्या सासूबाई. यंत्र डबीतच पडून राहू नये म्हणून परवा त्यांना घेऊन कानाची तपासणी करणाऱ्या ताईंकडे गेले. त्या म्हणाल्या, ही यंत्रं मुळात माणसांचं बोलणं नीट कळावं म्हणून बसवलेली असतात, त्यामुळे त्यातून गाणं कर्कश वाटू शकतं. पुष्कळ यंत्रांत गाण्यासाठी वेगळी सोय करून घेता येते. आमच्याही यंत्रात ती होती! मी विचारलं, ‘‘मग आधी का नाही केली?’’ त्या म्हणाल्या, ‘‘आज्यांसाठी कुणी मागतच नाही हो. फोन आणि दाराची बेल ऐकू आली की झालं, असं सांगतात घरचे.’’

घरचे म्हणजे मीच. मीही तेच सांगितलं होतं.

गाण्याचं सेटिंग करून आणलंय. पूर्वीसारखं ऐकू येत नाही, वरचे सूर अजून चिरकतात, असं सासूबाई म्हणतात. पण शब्द ओळखू येतात आणि पेटी पेटीसारखी वाजते. पहिल्या गुरुवारी काय लावायचं ते त्यांनीच ठरवलंय. चार वाजता मी कुकर लावणार नाही, हेही त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

तुमच्या वहीच्या मागच्या पानावर यंदा काय आहे? साखर आणि माळा असू दे. त्याच्या वर एक ओळ रिकामी असली तर बघा, तिथे काय लिहावंसं वाटतंय.