मामूंची शुगर आणि आमचे रक्त

गेल्या महिन्यात आमच्या खालाच्या मुलीच्या रिश्त्याची बोलणी इंदापुरात झाली. मुलाच्या फुफीने साधाच प्रश्न विचारला, “घरात शुगर, हार्टचा आजार कोणाला?” खाला पटकन म्हणाल्या, “अल्लाह का शुक्र है, किसीकू नहीं.” आम्ही शेजारीच होतो. मान खाली घालून शीरखुर्म्याची वाटी ढवळत राहिलो.

खालांचे सख्खे भाऊ, आमचे मामू, दोन वर्षांपूर्वी ४९ व्या वर्षी गेले. अंगाने काटकुळे, उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. तपासणीचे नाव काढले की म्हणायचे, “मैं तो दुबला, मेरेकू कायकी शुगर?” त्या रात्री त्यांना घाम फुटला, धाप लागली. छातीत कळ नव्हती, म्हणून सर्वांनी पित्त समजून सोडा पाजला. दवाखान्यात पोहोचायला उशीर झाला. तिथे कळले, शुगर तीनशेच्या वर. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे हृदयविकाराचा झटका न दुखताही येऊ शकतो, हे आम्हांला नंतर समजले.

बारीक माणसाला शुगर होत नाही, हा समज पुण्यातच खोटा ठरला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांची बाळे अभ्यासली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून. वरून बारीक, आतून चरबी.

यात वारशाचाही वाटा आहे. २००७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीचे डॉ. गिरिराज चांडक, डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ‘टीसीएफ७एल२’ जनुकातील फरक भारतीयांतही मधुमेहाचा धोका वाढवतो. त्याच वर्षी नवव्या गुणसूत्राच्या एकाच भागात शेजारी शेजारी दोन खुणा सापडल्या, एक मधुमेहाची, दुसरी हृदयाच्या धमन्यांच्या आजाराची. पुढे २०१७ मध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांच्या, त्यांत दक्षिण आशियाईही होते, जनुकीय अभ्यासात दिसले की मधुमेहाकडे नेणारे बहुतेक फरक हृदयविकाराकडेही नेतात. म्हणून घरात एकाला शुगर असेल, तर बाकीच्यांनी हृदयाचाही विचार करावा.

पण वारसा म्हणजे निकाल नव्हे. आपल्या भागात खोडव्याला फुटवा जुन्या मुळातूनच येतो, पीक किती येणार ते खत-पाण्यावर ठरते. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी चालणे आणि जेवण सांभाळले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले.

परतीच्या वाटेवर आम्ही खालांना एवढेच म्हणालो, “मामूंना आपण ‘किसीकू नहीं’ मध्ये घातलं.” त्या रागावल्या. “लडकी का घर बसने दे,” म्हणाल्या आणि भवानीनगरपासून बारामतीपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. चार दिवसांनी मुलीला घेऊन स्वतःच तपासणीला आल्या. आम्हीही हात पुढे केला. मुलीचे सगळे ठीक. खालांची उपाशीपोटीची शुगर ११८, आमची ११२. दोघेही उंबरठ्यावर.

त्याच संध्याकाळी खालांनी इंदापूरला फोन लावला आणि खरे सांगितले. फुफी म्हणाल्या, “हमारे यहाँ भी दो जनों कू है, इसी लिए पूछी थी.” बोलणी पुढे सरकली आहे.

तेव्हा या महिन्यात एवढे करा. वहीच्या एका पानावर दादा-दादी, नाना-नानी, मामू, चाचा, खाला, फुफी यांची नावे लिहा. कोणाला शुगर, कोणाला हार्ट, कितव्या वर्षी, तेही लिहा. कोणाला असेल तर तिशी ओलांडलेल्या सर्वांनी उपाशीपोटीची शुगर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. शंभर ते १२५ आली तर घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या, स्त्रियांची ८० च्या आत असावी. ते पान रिश्त्याच्या वेळी लपवू नका. आम्ही आमचे पान लिहिले आहे. पहिले नाव मामूंचे.