पोरांचे दात बघा, मग हातपंपाकडे वळा

शेतकरी बंधूंनो आणि सरपंच-सदस्य मंडळींनो, येत्या आठवड्यात सवड काढून गावच्या शाळेत जा. चौथी-पाचवीची पोरे ओळीने उभी करा आणि त्यांना हसायला सांगा. मास्तर काही हरकत घेणार नाहीत. ज्यांचे पक्के दात आले आहेत त्यांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके, आडव्या पिवळ्या-तपकिरी रेघा किंवा बारीक खड्डे दिसतात का, ते नीट बघा. डाव्या बाजूच्या दातावर जसा डाग तसाच उजवीकडच्या जोडीच्या दातावर असेल, आणि एकाच वस्तीतल्या पाच-सात पोरांत तो दिसत असेल, तर "दात घासत नाहीस का रे" म्हणून कोणाला रागावू नका. तो डाग घासून जाणारा नाही. मिसरी-तंबाखूचा डाग वरून बसतो, हिरडीच्या कडेला आणि दातांच्या फटीत साचतो, खरवडला तर सुटतो. हा डाग दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच पडलेला असतो. पोर जन्मल्यापासून साधारण आठ वर्षांचे होईपर्यंत पक्क्या दातांचे कवच घडत असते, आणि त्या काळात पोटात गेलेल्या पाण्यातले फ्लोराइड जास्त असेल तर कवच कच्चे राहते. दात बाहेर आला की मग चूल पेटून गेल्यावर पीठ मळण्यासारखे आहे.

फ्लोराइड हा खडकातला क्षार. पाण्याला त्याचा रंग नाही, वास नाही, चव नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावे. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार लिटरच्या टाकीत एक ग्रॅम! एवढ्याशा फरकावर पोराचे दात ठरतात. यवतमाळ जिल्ह्याच्या पांढरकवडा-झरी पट्ट्यात, चंद्रपूर जिल्ह्यात, नांदेडच्या किनवट तालुक्यात जास्त फ्लोराइडचे पाणी सापडलेले आहे. यात गुपित काही नाही. कागदावर सगळे आहे. अडचण अशी की तुमच्या वाडीतल्या, मारुतीच्या पारासमोरच्या हातपंपाचा आकडा किती, हे विचारले तर दहातल्या नऊ गावांत कोणी सांगू शकत नाही, असे आम्हाला वाटते.

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा डगला आणि काचेच्या नळ्या येतात. या विषयातले सगळ्यात उपयोगी संशोधन मात्र आयाबायांच्या निरीक्षणावर उभे राहिले आहे, म्हणून ती हकिकत थोडी सविस्तर सांगतो. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज नावाच्या गावी 1901 साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य आला. तिथल्या पोरांचे दात तपकिरी. बाहेरगावाहून मोठेपणी येऊन राहिलेल्यांचे मात्र पांढरे. कोणी म्हणे डुकराचे मांस जास्त खातात म्हणून, कोणी म्हणे दुधाने. मॅकेने वर्षानुवर्षे तोंडे तपासली, थोर दंततज्ज्ञ जी. व्ही. ब्लॅक यांनाही 1909 पासून सोबत घेतले, पण कारण हाती लागेना. पुढे 1923 साली तो आयडाहो प्रांतातल्या ओकली या गावी गेला. तिथल्या पालकांनी त्याला सरळ सांगितले की पाच मैलांवरच्या कोमट झऱ्याचे पाणी गावाने नळाने आणले आणि त्यानंतरच पोरांचे दात असे यायला लागले. मॅकेने ते पाणी तपासून पाहिले, त्यात त्याला काही संशयास्पद सापडले नाही. तरीही त्याने गावाला सल्ला दिला की हा नळ सोडा, जवळच्या दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्या. गावाने ऐकले. आणि काही वर्षांतच धाकट्या पोरांचे पक्के दात पांढरेशुभ्र यायला लागले.

बघा, फ्लोराइड हे नावसुद्धा तोवर या रोगाला जोडलेले नव्हते. विष कोणते ते ठाऊक नसताना गावाने स्रोत बदलला आणि पोरे वाचली.

नाव कळले ते 1931 साली, आणि तेही धंद्याच्या गरजेपोटी. अल्कोआ ही तिकडची मोठी अॅल्युमिनियम कंपनी. अॅल्युमिनियमच्या भांड्यांनी, म्हणजे आपण ज्याला जर्मनची भांडी म्हणतो त्यांनी विषबाधा होते असा ओरडा त्या वेळी चालला होता. त्यात कंपनीच्याच बॉक्साइट नावाच्या वसाहतीत पोरांचे दात डागाळलेले निघाले. तिथेही आधी उथळ विहिरींचे पाणी होते आणि मग खोल विहिरी पाडल्या होत्या. कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांना धास्ती पडली की आता हेही आपल्याच माथी मारतील. त्यांनी पाण्याची बारीक तपासणी करवली तेव्हा लिटरमागे 13.7 मिलिग्रॅम फ्लोराइड निघाले. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना, म्हणून दुसरा नमुना मागवला. तोही तसाच. मालाची अब्रू वाचवण्यासाठी केलेल्या तपासणीने दंतवैद्यांचे तीस वर्षांचे कोडे सोडवले.

आपल्या देशातली नोंदही जुनी आहे. जुन्या हैदराबाद संस्थानाच्या काही भागांत जनावरांना असा रोग होतो हे 1934 साली लिहिले गेले, आणि 1937 साली नेल्लोर जिल्ह्यातल्या माणसांत तो फ्लोराइडचाच रोग असल्याचे ठरले. दातांवर तो थांबत नाही. पाण्यातले प्रमाण बरेच जास्त असेल आणि ते वर्षानुवर्षे पोटात जात राहिले तर हाडांत बसते. मान, पाठ, गुडघे आखडतात. घरच्या घरी बघण्याच्या तीन खुणा सांगतो. गुडघे न वाकवता पायाची बोटे शिवता येतात का, हनुवटी छातीला टेकते का, हात वर नेऊन डोक्यामागे धरता येतात का. पन्नाशीच्या आतल्या माणसाला हे जमत नसेल तर प्रत्येक वेळी फ्लोराइडच असेल असे नाही, कामाने कंबर मोडलेली माणसे आपल्याकडे कमी नाहीत. पण ज्या घरात पोरांचे दातही डागाळलेले आहेत त्या घरातल्या माणसाने "वाताचे दुखणे" म्हणून सुया घेत बसू नये, पाणी तपासून घ्यावे.

इथे कोणी म्हणेल, मग हातपंप दिले कशाला? हा प्रश्न रास्त आहे, पण हातपंपाला शिव्या देऊन भागणार नाही. 1972 च्या दुष्काळाने विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हा बोअरने गावे जगवली. उघड्या विहिरी-बारवांच्या पाण्याने पटकी व्हायची, नारू व्हायचा. पायातून हातभर लांब नारू काडीला गुंडाळून ओढणारी माणसे आजच्या साठीतल्यांना आठवत असतील. देशातला शेवटचा नारूचा रोगी 1996 साली नोंदला गेला, आणि त्यात झाकलेल्या, खोल पाण्याचा मोठा वाटा आहे. तेव्हा बोअर चूक नव्हती. पण खोल गेले की पाणी खडकात जास्त काळ मुरलेले मिळते, आणि जिथे खडकात फ्लोराइड आहे तिथे ते पाण्यात उतरते. जंतूंपासून सुटका मिळाली, क्षाराची तपासणी राहून गेली. ती आता करायची आहे.

आता उपायाचे. आपल्या नागपुरातल्या नीरी संस्थेने यावर 1970 च्या दशकात सोपी पद्धत बसवली. तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यात हा रोग फार, म्हणून तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पाण्यात चुना, तुरटी आणि ब्लिचिंग पावडर टाकायची, दहा मिनिटे हलके ढवळायचे, तासभर निवळू द्यायचे आणि वरचे पाणी तोटीने काढून घ्यायचे. तोटी भांड्याच्या तळापासून बोटभर-दोन बोटे वर हवी, म्हणजे गाळ हलत नाही. ऐकायला घरगुती वाटते, आणि म्हणूनच धोका आहे. तुरटी किती, चुना किती हे पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि क्षारतेवर ठरते. आपण पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरवतो तेवढ्याने काही होत नाही, आणि अंदाजाने मूठभर टाकली तर तुरटीचाच अंश पाण्यात राहतो. मात्रा प्रयोगशाळेकडूनच लिहून घ्यावी. शिवाय खाली बसलेल्या गाळात सगळे फ्लोराइड असते. तो परसात, भाजीच्या वाफ्यात ओतून चालत नाही.

गावासाठी यंत्र बसवायचे तर दुसरेही प्रकार आहेत, आणि आर.ओ. तर आता जिकडे तिकडे झाले. आमचे मत स्पष्ट सांगतो. यंत्राचे उद्घाटन सोपे, नंतरचे कठीण. तुरटी कोण आणणार, गाळणीचा माल कधी बदलणार, वीजबिल कोणत्या खात्यातून जाणार, हे लिहून ठेवल्याशिवाय फीत कापू नये. आर.ओ.मधून जे पाणी टाकून दिले जाते त्यात फ्लोराइड आणखी दाटलेले असते, आणि ते सोयीचे म्हणून गुरांच्या हौदात सोडले जाते. हे करू नका. बैलांचे दातही झिजतात, डागाळतात, बैल लंगडतो. माणसाला शुद्ध पाणी आणि बैलाला उष्टे विष, हा कोणता हिशेब!

म्हणून ओकलीच्या लोकांनी केले ते आधी करावे, स्रोत बदलावा. एकाच गावात दोन हातपंपांच्या आकड्यांत मोठा फरक असू शकतो. खालच्या आळीच्या पंपात 3 निघेल आणि वेशीबाहेरच्या जुन्या विहिरीत 0.6. तसे असेल तर कोटींच्या योजनेची वाट कशाला बघता? विहीर उपसा, कठडा बांधा, झाका, रोज टीसीएल टाका, आणि पिण्यापुरते, स्वयंपाकापुरते पाणी तिथून न्या. विहिरीचे पाणी घेताना जंतूंचा बंदोबस्त मात्र आधी हवा, नाहीतर दाताच्या डागापायी पोर हगवणीने जायचे. आजूबाजूला पावसाचे पाणी मुरवल्याने काही ठिकाणी प्रमाण खाली येते, पण ते मोजूनच खरे मानावे.

घरातल्या बायकांना एक गोष्ट आवर्जून सांगा. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते तसे ते दाट होते. कापडाने गाळून जात नाही, कँडलच्या फिल्टरने जात नाही, ब्लिचिंगनेही जात नाही. कोऱ्या चहात ते मुळातच असते, म्हणून लहान पोरांना चहाची सवय लावू नये. दूध, ताक, नाचणी, आवळा, पेरू पोटात गेले तर शरीर थोडे तग धरते. टूथपेस्ट वाटाण्याएवढी आणि थुंकायला शिकवून. शहरातल्या पोरांचे दात किडू नयेत म्हणून पेस्टमध्ये हेच फ्लोराइड घालतात. थोडे असले तर ते दाताचे राखणदार, जास्त झाले की चोर.

ज्या पोरींचे दात आधीच डागाळले आहेत त्यांचे काय? बघायला आलेली मंडळी पोरीचे दात बघून उठून जातात, हे आपण सगळे जाणतो आणि बोलत नाही. बाजारात तेजाब लावून दात पांढरे करून देणाऱ्याकडे तिला नेऊ नका, उरलेले कवचही जाईल. हलके डाग घासून काढणे, खोल डागांवर दाताच्या रंगाचा लेप बसवणे हे शिकलेल्या दंतवैद्याचे काम आहे. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी जाऊन विचारावे.

आता ग्रामपंचायतीकडे वळू. दारावर हिरवे कार्ड लावलेले असेल तर त्यावर विसंबू नका. ते कार्ड स्रोताच्या आसपासच्या स्वच्छतेचे आणि पाणी शुद्ध करण्याच्या व्यवस्थेचे असते. फ्लोराइडचा आकडा रासायनिक तपासणीत निघतो, आणि ती वर्षातून एकदा व्हायला हवी. 2019 साली जलजीवन मिशन आले तेव्हापासून गावोगाव पाच-पाच बायांना पाणी तपासणीच्या पेटीचे शिक्षण देण्याची पद्धत पडली. तुमच्या गावची पेटी कुठे आहे ते विचारा. ती कपाटात बंद असेल तर बाहेर काढा. पेटीत रंग बदलला की नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. पंप चार-पाच मिनिटे हापसून घ्या, प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, पंपाचा क्रमांक, वस्ती आणि तारीख लिहा. काचेची बाटली नको. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, कारण आकडा हलतो. नमुना जलसुरक्षकाने न्यावा आणि पोच घ्यावी.

अहवाल आला की तो दप्तरात न ठेवता ग्रामसभेत वाचावा. ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, त्यांनी प्रत्येक पंपाचा आकडा पंपाजवळच मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा. दीडच्या वर असेल त्याला तांबडा रंग आणि खाली "धुण्या-वापरण्यासाठी" असे शब्द. पंप तोडू नये, आगीच्या वेळी आणि टंचाईत त्याचा उपयोग असतो. अंगणवाडी आणि शाळा ज्या पंपाचे पाणी घेतात त्यांचे नमुने सगळ्यात आधी पाठवावेत. तिथल्या पोरांचे पक्के दात अजून हिरडीत आहेत.