गोफ विणावा आणि सोडवावाही



गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेत एक साथ पसरली. ती तापाची नव्हती, दोरीची होती. आठवी-नववीच्या मुलांच्या मनगटांवर निळ्या, केशरी, हिरव्या दोरीचे विणलेले पट्टे दिसू लागले. कोणी ते बाजारातून आणले होते, तर कोणी बाकाखाली हात लपवून वर्गातच विणीत होते. पॅराकॉर्ड नावाच्या दोरीच्या या ब्रेसलेटांनी आमच्या व्याकरणाच्या तासाचा रसभंग केला, तेव्हा आम्ही शिक्षकाचे सनातन शस्त्र उपसले आणि अकरा ब्रेसलेटे जप्त करून टेबलाच्या खणात टाकली. आज त्याच ब्रेसलेटांची बाजू मांडावयास आम्ही उभे आहोत, हे पाहून तुम्हांस हसू येईल. येऊ द्या. आपले मत चुकीचे होते असे कळल्यावर ते बदलणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

झाले ते असे. नववीतील एक विद्यार्थी आपले ब्रेसलेट परत मागावयास आला. भूमितीतील कोणतेही प्रमेय तिसऱ्या पायरीवर सोडून देणारा हा मुलगा. आम्ही रागाने म्हटले, "हे तू स्वतः विणलेस कशावरून?" तो म्हणाला, "सर, सोडून दाखवू? मधल्या सुट्टीत पुन्हा विणतो." आणि त्याने तसे केलेही. मध्ये दोन पदर ताठ ठेवायचे. डावा पदर त्यांच्यावरून न्यायचा. उजवा पदर त्या डाव्याच्या टोकावरून, मग मधल्या पदरांच्या खालून नेऊन डावीकडच्या फाशातून वर काढायचा. ओढून घट्ट करायचे. पुढची गाठ उजवीकडून सुरू करायची. "बाजू बदलत गेलं तर पट्टी सपाट बसते, सर. एकाच बाजूनं करत राहिलं तर ती पिळत जाते." कारण आणि कार्य यांचा इतका नेमका संबंध त्याने आमच्या तासाला कधी सांगितला नव्हता.

जवळच दुसरा एक विद्यार्थी उभा होता. त्याचे ब्रेसलेट विकतचे, चांगले महागाचे. आम्ही त्यास म्हटले, "तूही सोडून दाखव." त्याने मनगट दुसऱ्या हाताने झाकले आणि म्हणाला, "नको सर, मोडेल!"

'सोडून दाखवू?' आणि 'नको, मोडेल!' या दोन उत्तरांतील अंतर हाच आमच्या लेखाचा विषय होय.

ही दोरी मुळात अंगावर मिरविण्यासाठी जन्मली नव्हती. १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात जपानी रेशमाचा पुरवठा तुटला आणि हवाई छत्र्यांसाठी रेशमाच्या जागी नायलॉन आले. त्या छत्रीच्या दोऱ्या म्हणजे पॅराकॉर्ड. बाहेर विणलेले कवच आणि आत सात ते नऊ वेगळे पेड, अशी तिची रचना. जमिनीवर उतरल्यावर छत्रीचे काम संपे, परंतु सैनिक दोरी टाकून देत नसत. सामान बांधण्यापासून आतल्या पेडांनी कपडे शिवण्यापर्यंत ती उपयोगी पडे. १९९७ साली हबल दुर्बिणीच्या फाटलेल्या आवरणास अंतराळवीरांनी ठिगळे लावली, तेव्हाही ही दोरी त्यांच्या कामी आली. आठ-दहा फूट दोरी मनगटावर विणून ठेवावी आणि गरज पडताच सोडून वापरावी, ही ब्रेसलेटामागील मूळ कल्पना. म्हणजे ज्यास ते सोडविता येत नाही, त्याच्या मनगटावर केवळ रंग आहे, दोरी नाही.

कोणी म्हणेल, हे परदेशी खूळ आपणांस कशाला? दोरी परदेशी असेल. अंगावर दोरा बांधण्याची रीत आपल्या घरातीलच आहे. बाळाच्या कमरेचा करगोटा, चौदा गाठींचा अनंत, श्रावणातील सुतांपुनवेला बदलावयाचे जानवे, त्याच दिवशीची राखी, ही सारी दोऱ्याचीच लेणी. हे ब्रेसलेट पाहून आमच्या वर्गातील एक मुलगी सहज म्हणाली, "यात नवीन ते काय? आमची आई रोज केळीच्या दोरात अबोलीची वळेसर गुंफते." आपल्या आयांच्या बोटांत जी विद्या आहे, ती रंगीत नायलॉनमधून आली तेव्हाच मुलांना तिचे अप्रूप वाटले, याचा आम्हांस थोडा खेद झाला, परंतु गुंफण हे केवळ मुलींचे काम, ही मुलग्यांची समजूत त्याच दोरीने सैल केली, याचा आनंद अधिक झाला.

आणि सर्वांत मोठा दाखला तर शिगम्याच्या मांडावरचा. काणकोणकडील गोफ ज्यांनी पाहिला असेल, त्यांस आठवेल की वरून लोंबणाऱ्या रंगीत दोऱ्या हाती घेऊन नर्तक एकमेकांस ओलांडीत नाचतात आणि पाहता पाहता एक सुंदर वेणी तयार होते. पण नाच तेथे संपत नाही. नंतर तेच नर्तक उलट पावलांनी नाचत ती वेणी सोडवितात आणि प्रत्येकाची दोरी पुन्हा मोकळी होते. विणताना एखादे पाऊल चुकले तर सोडविताना गुंता होतो. आमच्या पूर्वजांनी अर्धी विद्या कधी विद्या मानली नाही, हेच त्यातून दिसते.

पालकांच्या सभेत यंदा एक सूचना आली: शनिवारचा कार्यानुभवाचा तास काढून तेथे परीक्षेचा सराव घ्यावा, दोऱ्या विणून गुण मिळत नाहीत. पालकांची चिंता आम्ही समजतो. दहावीचे वर्ष घरोघरी भारी असते. परंतु त्यांस आम्ही नम्रपणे विचारतो, आमची मुले उत्तरे कशी शिकत आहेत? मार्गदर्शिकेतून तयार उत्तर घ्यावयाचे, ते जसेच्या तसे उतरवावयाचे आणि प्रश्न जरा फिरविला की गोंधळावयाचे, हे तर 'नको सर, मोडेल' म्हणणाऱ्या मुलाचेच शिक्षण! ज्ञान सोडवून पुन्हा बांधता येणे ही सवय हातास लागली, तर ती बुद्धीसही लागेल, असा आमचा विश्वास आहे. तो तास काढू नये.

या तासास शिस्त मात्र हवी. 'जीवरक्षक' असे लिहिलेल्या वेष्टनावर डोळे मिटून विसंबू नये. अस्सल दोरी सुमारे २५० किलो ताण सोसते खरी; पण तो आकडा नव्या, गाठ नसलेल्या दोरीचा, स्थिर भाराखालचा. गाठीने आणि उन्हाने तिचे बळ घटते, आणि बाजारातील प्रत्येक रंगीत दोरी अस्सल नसते. तिच्या भरवशावर झाडावर वा विहिरीत कोणी उतरू नये. टोके वितळवून बंद करावयाची ती वडीलधाऱ्यांसमोर, कारण वितळलेले नायलॉन कातडीस चिकटून भाजते. कापलेले तुकडे गोळा करावे. काथ्याच्या सुंभासारखी ही दोरी मातीत कुजून जात नाही. आणि प्रत्येकाने वर्ष संपण्यापूर्वी आपले ब्रेसलेट एकदा पूर्ण सोडून पुन्हा विणून दाखवावे. गुण द्यावयाचे असतील तर त्याचे द्यावे.

खणातील दहा ब्रेसलेटे आम्ही ज्यांची त्यांस परत केली. अकरावे न्यावयास कोणी आले नाही. एका रविवारी आम्ही ते सोडले. सोडताना वाटले, यात काय आहे! पुन्हा विणावयास बसलो, तर चौथ्या गाठीपासून पट्टी पिळू लागली. आता शनिवारच्या तासाला आम्हीही मागच्या बाकावर दोरी घेऊन बसतो, आणि भूमितीत अडणारा तो मुलगा आमची चूक दाखवितो. तो तास टिकावा, अशी आमची स्वतःसाठीही विनंती आहे.