पोलादाचे कवच आणि निविदेचा नियम

गळीत हंगाम आटोपून साखर कारखान्याचे बॉयलर थंडावले, की भट्टीत उतरून पाहणाऱ्यास पोलादी नळ्यांची जी दुर्दशा दिसते, कोठे काळे पापुद्रे सुटून आलेले, कोठे राख व वाळू यांच्या माऱ्याने नळीची भिंत झिजून पातळ झालेली, ती कालगतीच्या खाती टाकून नव्या नळ्यांच्या खरेदीस मंजुरी देण्याची वहिवाट मला मान्य नाही. बॉयलरच्या पाण्यातील दोषाने जी नळी आतून कुजते, तिला बाहेरचा लेप तारणार नाही, हे उघड आहे. पण बाहेरून होणारा नाश बऱ्याच अंशी टाळता येतो.

साधे पोलाद सुमारे ५७० अंश सेल्सिअसपलीकडे तापले, म्हणजे त्यावर जे ऑक्साइड धरते त्यातून लोहाचे अणू सहज वर सरकत राहतात, आणि थर वाढत जाऊन अखेर गळून पडतो. जस्ताचा मुलामा येथे निरुपयोगी, कारण जस्त ४१९ अंशांसच वितळते. ॲल्युमिनियमही ६६० अंशांस वितळते खरे. परंतु तापत असता ते पोलादात मुरून लोहाशी एकजीव होते, आणि पृष्ठावर त्याच्या ऑक्साइडचे इतके घट्ट, सूक्ष्म पटल धरते की प्राणवायूस आत शिरण्यास वाव उरत नाही. जेथे झीजही सोसावयाची असते, तेथे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचा फवारा देतात.

खरी मेख फवाऱ्याआधीच्या कामात आहे. टोकदार खड्यांचा मारा करून पृष्ठ स्वच्छ व खरबरीत केल्याखेरीज लेप धरत नाही. आणि आपल्याकडे दुरुस्तीचा मोसम ऐन पावसाळ्याचा असल्याने, घासलेले पोलाद दमट हवेत काही तासांतच गंजू लागते. सर्वांत कमी दराच्या निविदेस काम देण्याचा दंडक पाळला, म्हणजे ठेकेदार काटछाट करतो ती नेमकी या घासण्यात, कारण लेपाखाली काय दडले आहे ते पुढे कोणास दिसत नाही. पी हळद आणि हो गोरी, असला हा कारभार!

म्हणून निविदेतच अट असावी, की लेपाची जाडी मापकाने मोजून व नमुन्याच्या पत्र्यावर त्याची पकड तपासून दोन्ही आकडे दफ्तरी रुजू करावेत, आणि बिलाची काही रक्कम पुढील हंगामाअखेर नळ्यांची जाडी पुन्हा मोजून होईपर्यंत राखून ठेवावी.