महाड-पोलादपूरच्या वाऱ्याचाही अंदाज द्या

मा. महासंचालक,
भारतीय हवामानशास्त्र विभाग, यांस



३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. ते येणार हे आपल्या विभागाने आधीच सांगितले होते, म्हणून किनाऱ्यावरची हजारो माणसे वेळेत हलवता आली. रायगडकर त्याबद्दल आपले ऋणी आहेत. हे पत्र मात्र किनाऱ्यापासून आत राहणाऱ्यांचे आहे.

महाड समुद्रापासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर. पोलादपूर त्याहून आत, महाबळेश्वरच्या घाटाखाली. आमची भीती पाण्याची आणि दरडीची. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे डोंगर खाली आला. २०२१ च्या जुलैत महाडची बाजारपेठ बुडाली आणि तळिये दरडीखाली गेले. सावित्री नदी फुगू लागली की माल माळ्यावर कधी चढवायचा, हे इथल्या दुकानदाराला कुणी सांगावे लागत नाही. वाऱ्याचे तसे नाही. ‘निसर्ग’ आले त्या दिवशी टीव्हीवर लाटा दिसत होत्या आणि आम्हाला वाटत होते, हे संकट दर्याकाठच्यांचे.

दुपारी वाऱ्याचा आवाजच बदलला. एक झोत येऊन जाण्याऐवजी घोंघावणे सलग सुरू झाले आणि शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येईना. कौले सुटू लागली, मग पत्रे. ते हवेतून कुठे जाऊन पडतील याचा नेम नव्हता, म्हणून घरातून बाहेर पडणेही शक्य नव्हते. माणसे माजघरात भिंतीला टेकून बसली. आंबा, फणस, काजू मुळासकट आडवे झाले. पिढ्यान्‌पिढ्यांची झाडे ती. त्यांच्या जागी लावलेल्या रोपांचे फळ लावणाऱ्याच्या हाती येईल असे नाही. आगोटीसाठी भरून ठेवलेले धान्य आणि लाकूडफाटा उघड्या छपराखाली भिजला. टाळेबंदीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी गावची घरे आधीच भरलेली होती. खांब पडले, मोबाइल बंद झाले, आणि कित्येक दिवस वाडीवरून वाडीवर निरोप माणूस चालत घेऊन जात होता.

याचे शास्त्र आपण जाणताच, पण इतर वाचकांसाठी लिहितो. समुद्राचे पाणी साधारण २६-२७ अंशांच्या वर तापले की भरपूर वाफ वर चढते. तिचे ढग होताना उष्णता बाहेर पडते आणि हवेला आणखी वर लोटते. खाली दाब घटतो, चहूबाजूंची हवा आत धावते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्याकडे ती घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागते. जमिनीवर आल्यावर वाफेचा पुरवठा तुटतो आणि जोर ओसरतो. पण एवढा फिरता पसारा तासाभरात शांत होत नाही. ‘निसर्ग’ ईशान्येकडे सरकले, तेव्हा महाड-पोलादपूर त्याच्या वाटेच्या उजव्या बाजूला होते. त्या बाजूला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र होतात. शिवाय वादळ पुढे सरकते तशी वाऱ्याची दिशा फिरते. आधी एका अंगाने हललेल्या झाडाला आणि छपराला मग दुसऱ्या अंगाने दणका बसतो.

किनारा ओलांडल्यावर वादळ कमकुवत होईल, हे विधान खरे आहे. पण वादळ किती तासांत, कोणत्या तालुक्यापर्यंत, किती वेगावर येईल, हे कळले नाही तर आतला माणूस निर्धास्त राहतो. रायगड जिल्हा श्रीवर्धनच्या पुळणीपासून आमच्या घाटापर्यंत पसरलेला आहे. जिल्ह्याच्या नावाने दिलेला इशारा इथे अलिबागचा म्हणून ऐकला जातो. म्हणून विनंती आहे की, वादळ रायगडकडे वळले की महाड, पोलादपूर, माणगाव, म्हसळा यांची नावे घेऊन सांगावे: वारा किती वाजता वाढेल, कोणत्या दिशेने येईल, कधी फिरेल, कौलारू आणि पत्र्याच्या घरांनी काय करावे. आणि हे आदल्या संध्याकाळीच, साध्या मराठीत, सरपंच, पोलीसपाटील आणि आशाताईंपर्यंत पोहोचावे. वीज आणि मोबाइल गेल्यावर आलेला संदेश आमच्याकडे कुणी वाचू शकत नाही.

आपला नम्र,
पोलादपूर तालुक्यातील एक रहिवासी