आधी दस्ता तपासा, मग हात

"हत्यार वाईट नसतं, हात वाईट असतो." कॅडेट असल्यापासून हे वाक्य ऐकतोय. रेंजवर गोळी चुकली की उस्ताद हेच म्हणायचे आणि पाठोपाठ रगडा. पुढे अधिकारी झाल्यावर मीही ते कितीतरी जवानांना ऐकवलं. आज त्याच वाक्याविरुद्ध लिहितोय, कारण कुमाऊँमधल्या पोस्टिंगवर त्या वाक्याने एक चांगला नेमबाज जवळजवळ संपवला होता.

डोंगरातल्या एका गावात एक निवृत्त सुभेदार राहतात. वय सत्तरीला टेकलेलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेची शिकार संपली, पण शेतं उकरणाऱ्या रानडुकरांचा प्रश्न संपला नाही. 2016 मध्ये केंद्राने उत्तराखंडात रानडुकराला वर्षभरासाठी उपद्रवी प्राणी जाहीर केलं होतं. एरवी वनखात्याची लेखी परवानगी लागते. गावात परवानगी आली की लोक सुभेदारसाहेबांकडे आणि त्यांच्या जुन्या 315 बोअरच्या रायफलकडे बघायचे.

त्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या हातून दोन डुकरं जखमी होऊन निसटली. जखमी डुक्कर ज्या झाडीत शिरतं, तिथेच सकाळी बायका गवत कापायला जातात. गावाने तोंडावर काही म्हटलं नाही, पण बोलावणंही थांबवलं. मला म्हणाले, "सर, हाथ गया अब. लाइसेंस जमा कर दूँगा."

मी विचारलं, "साब, झिरो कधी केली होती?" म्हणाले, मे महिन्यात. तेव्हा गोळ्या बरोबर बसत होत्या. आणि दस्ता? पावसाळ्याआधी गावच्या सुताराकडून घासून, पॉलिश करून घेतला होता.

दहाची नोट काढली आणि नळी व पुढच्या लाकडामध्ये सरकवली. उजवीकडून ती सरकत गेली, डावीकडे अर्ध्यावर अडकली. लाकूड ओल पिऊन आडवं फुगलं होतं आणि डावीकडून नळीला रेटत होतं.

गोळी सुटताना नळी थरथरते. ती दर वेळी सारखीच थरथरली, तर गोळ्या एका जागी पडतात. लाकूड एका बाजूने टेकलं की ती थरथर बदलते, आणि नळी तापली की दाबही बदलतो. शंभर मीटरवर एक मिनिट कोन म्हणजे साधारण 29 मिलिमीटर. तीन मिनिटांची चूक झाली की चार-पाच बोटांचा फरक पडतो. डुकराचं मर्मस्थान जेमतेम वीतभर. त्यात माणसाच्या हाताची चूक मिळवा, गोळी पोटात जाते.

परवान्यावर काडतुसं मोजकीच मिळतात, म्हणून मातीच्या दरडीसमोर तीनच झाडली. पहिली तीन बोटं उजवीकडे, दुसरी चार, तिसरी सहा. मग दस्ता उतरवला, नळीला काजळी फासली आणि परत बसवला. जिथे काळा डाग उमटला तेवढंच लाकूड घासलं, त्यावर जवसाचं तेल दिलं. पुन्हा तीन गोळ्या. तिन्ही चार बोटांच्या आत, मध्याभोवती. हात तोच, डोळा तोच.

आता आक्षेप. जुने लोक म्हणतील, दहापैकी नऊ वेळा चूक माणसाचीच असते. मान्य! पण म्हणूनच दहावी वेळ ओळखता आली पाहिजे, आणि ती ओळखता येते. हाताची चूक चारी दिशांना सांडते. बेडिंगची चूक बहुधा एकाच दिशेला सरकते, पावसानंतर झिरो हलवते, स्क्रू आवळला की जागा बदलते. स्क्रू आवळताना नळीच्या टोकाशी बोट धरा; टोक हललं तर दस्ता नीट बसलेला नाही.

दुसरी बाजू इंटरनेटवरच्या पंडितांची: "सगळं लाकूड कोरा, नळी मोकळी करा." हाही अडाणीपणाच. आपल्या जुन्या 303 मध्ये पुढचं लाकूड टोकाशी नळीला खालून काही पौंडांनी मुद्दाम दाबतं, रचनाच तशी आहे. तिथे कानस चालवलीत तर चांगली रायफल बिघडवाल. नियम एवढाच: नळीला एक तर काहीच टेकू नये, नाहीतर जे टेकतं ते दर वेळी सारखंच टेकावं. जवसाचं तेल ओल लांबवतं, थांबवत नाही. म्हणून दर पावसाळ्यानंतर तपासणी हवीच.

माझा राग लाकडावर नाही, आपल्या सवयीवर आहे. चूक झाली की आपण सगळ्यात शेवटच्या माणसाला धरतो, कारण तो समोर उभा असतो आणि उलट बोलत नाही. हत्यार तपासायला अर्धा तास लागतो, माणसाला दोष द्यायला अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात मी किती जवानांना "हात खराब" ठरवलं असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही. तीच बोच आहे.

सुभेदारसाहेबांनी लायसन्स जमा केलं नाही. ती दहाची नोट त्यांनी माझ्याकडून मागून घेतली, रायफलच्या पेटीत ठेवली आहे.

तुमच्या पेटीतही एक ठेवा. जय हिंद.